निळ्या ड्रमातल्या फोडी

आदर्शची चोरी आज त्याच्याच अंगाशी आली. गिरजाकाकूच्या अंगणात कोणी नाही असं पाहून त्याने निळ्या ड्रमाचं झाकण सरकवलं, मीठ-हळद लावलेली कैरीची फोड पळवायला हात घातला, आणि हाती फोड आलीच नाही. आला तो नुसता पिवळा चिखल.

"ताई, फोडी कुठी गेल्या व?" आपण चोर आहोत हे विसरून त्याने मोठ्या बहिणीला, राधिकाला हाक मारली.

राधिकाने वाकून पाहिलं. काल संध्याकाळी तिनेच त्या फोडी कालवल्या होत्या, तेव्हा त्या चांगल्या टणक होत्या. आता बोट लावलं की पिठल्यासारख्या पसरत होत्या. वास मात्र ताज्या कैरीचाच. बुरशी नाही, फेस नाही, आंबलेलं काही नाही. शेजारच्या स्टीलच्या पिंपात त्याच झाडाच्या फोडी होत्या, त्या करकरीत! हे कसलं नासणं? तिचं डोकं चालेना.

गिरजाकाकूच्या बचत गटाला शेलूबाजारच्या एका दुकानदाराने लोणच्याचं पहिलंच काम दिलं होतं. बातमी कळताच गटातल्या बाया धावत आल्या आणि एकीने सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं: पाळी आलेल्या बाईचा हात लागला असणार, त्याशिवाय लोणचं असं जात नाही. मग ड्रम कोणी कालवला याची चौकशी सुरू झाली आणि बोट गेलं शुभांगीवहिनीकडे. वहिनी म्हणजे काकूची सून, मागच्या वर्षीच लग्न होऊन आलेली. तिने परोपरीने नाही म्हटलं, पण ऐकतो कोण? सगळ्यांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून काकू सुनेवरच जास्त कडाडली. संध्याकाळपर्यंत खरं सांग, नाहीतर गटात पाऊल टाकू नको, असं तिने बजावलं.

वहिनीबरोबर ड्रम कालवायला राधिकाही होती, हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि काल दुपारीच तिची पाळी सुरू झाली होती. सांगितलं असतं तर बाजूला बसावं लागलं असतं, म्हणून ती गप्प राहिली होती. आता तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली. खरंच आपल्या हातात असं काही असतं का?

तिने मैत्रिणीचं घर गाठलं. रूपा तिच्याच वर्गातली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या घरी हे कोनी मानत नाय. माय पाळीतबी लोनचं घालते. वर्षभर टिकते."

"मंग तुमच्याकडं नासत नाय आन आमच्याचकडं काहून नासते?" राधिका आणखीच गोंधळली.

"मले नाय मालूम. पन पाहता तर येते ना."

मागोमाग आलेल्या आदर्शने तोंड घातलं. पिंप जुनं आहे, ड्रम नवा, मग ड्रमालाच विचारा ना, असं त्याचं म्हणणं. एरवी त्याला कोणी विचारलं नसतं, पण आज त्याचं बरोबर होतं. ड्रम काकूच्या नवऱ्याने, रामकिसनकाकाने परवाच संत्र्याच्या रसाच्या कारखान्यातून आणला होता. रिकामे निळे ड्रम घरोघरी पाण्याला वापरतात, त्यामुळे कोणाला शंका आली नव्हती.

रूपाच्या ओट्यावर तीन वाट्या मांडल्या. तिन्हींत ताज्या फोडी आणि मीठ-हळद. पहिलीला रूपाने चमच्याने हलवलं. दुसरी राधिकाने हाताने कालवली. तिसरीत रिकामा केलेला ड्रम खंगाळून काढलेलं पाणी घातलं. शेळी तोंड घालू नये म्हणून आदर्श राखणीला बसला आणि शेळीशीच भांडत राहिला.

उन्हं कलली. पहिली वाटी टणक. तिसरीतल्या फोडींचा लगदा. दुसरीकडे पाहायचा राधिकाला धीर होईना, म्हणून रूपानेच फोड दाबली. फोड जशीच्या तशी होती. राधिकाला रडू आलं, आणि का येतंय तेही कळेना.

तेवढ्यात रूपाची मोठी बहीण सुकेशनीताई कामावरून आली. ती त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. ड्रमाचं ऐकताच तिने कपाळाला हात लावला.

"ते पानी कोनी चाखलं तर नाय ना? आधी हात धुवा."

मग तिने उलगडून सांगितलं. फळातल्या पेशींना भिंती असतात. पेक्टिन नावाचा पदार्थ त्या भिंतींना गाऱ्यासारखा जोडून ठेवतो. काही एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली विकरं, हा गारा आणि भिंती तोडतात. त्यामुळे संत्र्यातून रस जास्त निघतो आणि नितळ होतो. जीन्सचं कापड मऊ करायला, कागद बनवायला, कपडे धुण्याच्या पावडरमध्येही अशीच विकरं वापरतात. ड्रमात तेच औषध होतं. रामकिसनकाकाने तो जेमतेम विसळला, तळाला राहिलेल्या थराने रात्रभर फोडींच्या भिंती पाडल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तिन्ही वाट्या घेऊन तिघं ताईसोबत काकूच्या अंगणात गेली. ताईने पुन्हा सगळं सांगितलं, तेव्हा रामकिसनकाका हळूच गोठ्याकडे सरकला. बाया मात्र दुसऱ्या वाटीकडे पाहत होत्या.

"आन हे वाटी कायची?" काकूने विचारलं.

ताईला उत्तर ठाऊक होतं. तिने राधिकाकडे पाहिलं. राधिकाने वहिनीचे सुजलेले डोळे पाहिले.

"काकू, त्या वाटीत माहा हात हाय," ती म्हणाली. "कालपासून माही पाळी चालू हाय. ड्रमबी म्या कालवला व्हता, वहिनीसंग."

काकूने वाटीतली फोड उचलली, बराच वेळ निरखली आणि तोंडात टाकली. करकर आवाज सगळ्यांनी ऐकला. काकूने फोड शेवटपर्यंत चावून खाल्ली, मग वाटी सुनेपुढे धरली.

"घे. चुकलं माहं," ती म्हणाली. "या पोरायनं डोळे उघडले आमचे. उद्या नव्या कैऱ्या आनतो, त्या तुमी दोघीच कालवा."

वहिनीने एक फोड घेतली आणि वाटी पुढे दिली. कोणी पटकन घेतली, कोणी अडखळत. वाटी फिरून राधिकाच्या हातात आली, तेव्हा तिच्यात एकही फोड उरली नव्हती.