तांब्याची रेघ

त्या डिसेंबरात मला एकच गोष्ट हवी होती. तांब्याची खरी रेघ.

तांब्याच्या चकतीवर स्फोटाचा धक्का बसला की तिच्यात दाब कसा चढतो, ते आमच्या पडद्यावर एका रेघेत उमटतं. त्या रेघेवर माझा सगळा प्रबंध उभा राहणार होता. बर्चच्या जंगलातली पोलादी स्फोटकोठी नववर्षापर्यंतच माझ्याकडे होती. नंतर ती दुसऱ्या गटाकडे जाणार आणि मी पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणि दर स्फोटाला रेघ चुकत होती. ताठ उभी चढायच्या ऐवजी ती आळसावल्यासारखी वाकायची. चकतीच्या जागी जणू काहीतरी मऊ, ओलं ठेवलेलं.

तारा बदलल्या, मापक बदलले, चकत्या नव्याने घासून घेतल्या. रेघ तीच. मी वैतागून दिसेल त्याच्यावर खेकसत सुटले होते.

स्फोटकं जोडणारा येफिम सावेलिच मात्र मजेत होता. “रिम्मा गाव्रीलोव्ना, तांबं म्हणून खलादेत्स तर नाही ना उडवत? तसं असेल तर सांगा बाई, मी मोहरी घेऊन येतो.”

“तुम्ही आधी तोंड आवरा.”

खलादेत्स म्हणजे नववर्षाच्या ताटातली, मांसाचा रस्सा थिजवून केलेली, मोहरी लावून खायची थलथलीत वडी. त्या चिडीतच मी जिलेटिनच्या रेघेचा तक्ता काढला. आमच्या कामात मांसाच्या जागी जिलेटिन वापरतात.

माझी रेघ त्याच्यावर तंतोतंत बसली.

मग भिंग घेऊन पाहिलं. त्या मऊ रेघेच्या मधोमध एक बारीक टोक होतं. पातळ पोलादाचं. म्हणजे धक्का आधी मऊ वस्तूतून गेला, मग पोलादातून, मग पुन्हा मऊ वस्तूतून. आधीच्या स्फोटांच्या रेघांची छायाचित्रं काढली, त्यांतही ते टोक होतं, मीच पाहिलं नव्हतं. त्यावरून मी पोलादाची जाडी काढली आणि मला स्फोटाची चावी आठवली.

स्फोटकं जोडायला जो आत जातो, तो स्फोटाची चावी स्वतःच्या खिशात, छातीशी ठेवतो. दुसरी चावी नसते. तो आत असताना बाहेरून कुणी काही उडवूच शकत नाही. आत नेहमी येफिम जायचा.

मी त्याच्याकडून चावी मागून घेतली आणि तिची जाडी मोजली. तीच निघाली.

त्याला सगळं सांगितलं. तो चहाचा पेला खाली ठेवून हसला. “म्हणजे तो मऊ माणूस मी? हे जरा आमच्या घरी येऊन सांगा. बायकोला पटायचं नाही.”

“येफिम सावेलिच, मला भीती वाटतेय. आपण थांबू या.”

“आणि प्रबंध? चुलीत घालणार?” आता तो हसत नव्हता. “मी बाहेर, चावी बाहेर, दार बंद. मग माझं काय उडणार? चला, अंधार पडायच्या आत एक शेवटचा करू.”

मी नको म्हणायला हवं होतं. पण रेघ मला हवीच होती.

तो आत गेला, जोडून बाहेर आला. दार मी स्वतः लावलं, ओढून पाहिलं. खिशातून काढून त्याने चावी माझ्या तळहातावर ठेवली. ती त्याच्या अंगाने कोमट झालेली होती.

“माझ्या शेजारीच उभे राहा,” मी म्हटलं.

“हा काय, उभाच आहे.”

मी चावी फिरवली.

जमीन हादरली.

पडद्यावर रेघ उभी चढली. ताठ, स्वच्छ. टोक नाही, वाकण नाही. तांबं!

मी ओरडलेच. एवढ्या दिवसांचा सगळा संताप डोळ्यांतून वाहायला लागला.

“बघा! म्हटलं नव्हतं?” येफिम म्हणाला. “आता पार्टी काढा, बाई. नुसत्या चहावर नाही भागायचं.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याला मिठी मारली. माझा कान त्याच्या छातीवर टेकला. तो हसत होता, पार्टीला कुणाकुणाला बोलवायचं ते सांगत होता. त्याचं बोलणं मला छातीतून घुमताना ऐकू येत होतं.

त्याखाली एकही ठोका वाजत नव्हता.