उजवं पान

दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात, मधला पीळ उजव्या बोटांत. चाळीस वर्षं मी अशीच उभी आहे. समोर खुर्ची, खुर्चीत मान मागं टाकलेली बाई, आणि तिला माझं एकच सांगणं, की पापणी ताणून धर. दोरा दातात असला की मला फार बोलता येत नाही, हे गिऱ्हाइकांचं नशीब, असं माझी सून म्हणते. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणते.

माझी शाळा दुसरीत सुटली. अंक ओळखते, अक्षरं मात्र एकमेकांत घुसतात. पार्लर टाकलं तेव्हा गिऱ्हाइकांची नावं लिहायला जाड वही आणली आणि पहिल्याच दिवशी अडले. मग नावाऐवजी भुवया काढल्या. डाव्या पानावर बाई खुर्चीत बसली तेव्हाची जोडी, उजव्या पानावर ती उठली तेव्हाची. शिंपीणबाईच्या भुवया म्हणजे नाकावर भांडायला निघालेल्या दोन जावा. बँकेतल्या बाईची उजवी कायम वर, जगातल्या एकाही सहीवर तिचा विश्वास नसल्यासारखी. शाळेतल्या बाईंच्या विरळ, फळ्यावर अर्धवट पुसलेल्या खडूसारख्या. वीस दिवसांनी बाई परत आली की तिचं पान काढायचं. केस कितीही ओढा, ते आपल्याच जागी, आपल्याच वळणानं परत येतात. माझा धंदा त्यावरच उभा होता.

मी कुणाचा चेहरा बदलत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. जमीन तुझी, मी फक्त कुंपण सरळ करते. ह्या वाक्याचा मला फार अभिमान होता.

घरात मी, सून आणि माझी नात. मुलगा जहाजावर, वर्षातून एकदा येतो. नात माझ्या मुलीची. चार वर्षांची असताना तिनं डॉक्टरला सुई उलट टोचायची धमकी दिली, तेव्हापासून तिला सगळे लवंगी म्हणतात. मुलगी गेली तेव्हा ही पाळण्यात होती. मुलीच्या डाव्या भुवईत मधोमध दोन तांदळाएवढी मोकळी जागा होती. तिथं जन्मापासून केस आला नाही. लवंगीला तीच जागा, त्याच ठिकाणी. मुलीचा एकच धड फोटो आहे आणि त्यात ती खाली बघतेय. म्हणून मला मुलगी बघावीशी वाटली की मी लवंगीकडे बघते.

लवंगी सतराची झाली आणि ती जागा तिला खुपायला लागली. कॉलेजात कुणी तिला तुटकी म्हणालं होतं. रोज सकाळी ती पेन्सिलीनं जागा भरायची, रोज मी ओल्या कापसानं पुसायचे. एकदा मी म्हटलं, ती तुझ्या आईची सही आहे.

ती आरशातूनच म्हणाली, "सही आईची असेल, आजी. कागद माझा आहे."

मी कापूस खाली ठेवला. सुनेनं ही बातमी चार घरी पोचवली.

समोर पूर्वी पंखे दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. तो गेला आणि त्या जागी काच आली. जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच, आणि मागं दुधात पाणी घातल्यासारखा उजेड. दुकान उघडायच्या आधी तिथली एक बाई आमच्याकडे येऊन गेली होती. जुन्या कामाचे नमुने बघायला हवेत म्हणून सुनेनं मला न विचारता माझी वही तिला दोन दिवस दिली. परत आली तेव्हा वहीला पुसून घेतलेल्या नव्या भांड्याचा वास येत होता. मी सुनेला बोलले, ती मला बोलली, विषय संपला.

त्या काचेतल्या दुकानात चेहऱ्याला लावायची पहिली बाटली फुकट होती. फुकट म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या बायका सासरचं भांडणसुद्धा अर्धवट सोडून येतील. महिन्याभरात सगळ्यांच्या हातात तिथल्या पांढऱ्या पिशव्या आल्या. सुनेच्या कपाटात मी तीन बाटल्या पाहिल्या. एक लावायची, एक पुसायची आणि तिसरी, मी म्हटलं, पहिल्या दोघींचं भांडण मिटवायची. सून हसली नाही. पूर्वी ती निदान नाक तरी मुरडायची.

मग शिंपीणबाई आली. पंचवीस दिवसांनी आली होती, म्हणजे जंगल माजलेलं असणार. मी पावडर लावली, दोरा दातात धरला आणि थांबले. ओढायला काही नव्हतं. भुवया आखल्यासारख्या बसल्या होत्या. कालच कुठून करून आलीस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, आता त्या अशाच येतात. वही उघडून डाव्या पानावरच्या दोन जावा मी तिला दाखवल्या. तिनं कौतुकानं बघितलं, एखादं अनोळखी बाळ बघावं तसं, आणि कुणाच्या आहेत म्हणून विचारलं.

तिच्या कपाळाला माझं बोट लागलं होतं. कातडी गार होती, चमच्याच्या पाठीसारखी.

त्या आठवड्यात बँकेतली आली, शाळेतल्या बाई आल्या. ओढायला कुणाचंच काही नव्हतं. तरी सवयीनं येऊन बसत, मान मागं टाकत आणि पापण्या आपणहून ताणत. बोलणं कमी झालं होतं. शिंपीणबाई माझ्याकडे वीस वर्षं जावेच्या कागाळ्या सांगायलाच येत होती; आता विचारलं की म्हणायची, सगळं छान आहे. तिघीही तेच म्हणायच्या, तिघीही शेवटच्या अक्षरावर थोडं थांबायच्या. दुपारी त्या रांगेनं बाकावर बसल्या की पार्लरमध्ये इतकं शांत व्हायचं की मला डुलकी लागायची. जाग यायची तेव्हा त्या तशाच बसलेल्या असायच्या. कोण कुठं बसली होती, ते मला सांगता यायचं नाही.

मी घाबरले ते लवंगीसाठी. तिला बजावलं, त्या काचेत पाय टाकलास तर तंगडी तोडीन. तिनं विचारलं, "आणि मग तंगडीला कुठली बाटली लावायची?" मला इतकं बरं वाटलं की मी तिला आणखी दोन शिव्या दिल्या.

शेवटी मीच गेले. भर दुपारी, चपला फटफटवत, चांगलं तोंड सोडायचं ठरवून. आत पाऊल टाकलं आणि माझ्याच चपलांचा आवाज मला येईना. उजेड सगळीकडून सारखा होता, कुठल्याच वस्तूला सावली नव्हती. आरशांची रांग, खुर्च्यांची रांग. वास कसलाच नाही, नाक चोंदल्यासारखं. समोरच्या भिंतीवर एकच चित्र होतं, छताएवढं. भुवयांची जोडी.

स्वतःच्या हातचं शिवण शंभर कपड्यांतून ओळखू येतं. तसं मी ते ओळखलं.

दुकानातली बाई कधी जवळ आली ते कळलं नाही. वय सांगता येऊ नये असा चेहरा. ही कमान कुणाची, मी विचारलं.

"तुमचीच, आजी," ती म्हणाली. "आम्ही खूप ठिकाणी शोधलं. चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेली दुसरीकडे मिळाली नाही."

मी तिला खूप बोलणार होते. माझ्या गिऱ्हाइकांच्या भुवया काय केल्यास, हे विचारणार होते. पण तिनं मला पाणी दिलं, ते मी प्यायले आणि रस्ता ओलांडून घरी आले.

खुर्चीत बसून वही उघडली. इतकी वर्षं मी एका वेळी एकच पान बघत होते. आता अंगठ्याखालून सगळी पानं भराभर सोडली. डाव्या बाजूला नुसता गोंधळ उडाला. जाड, विरळ, जुळलेल्या, चढलेल्या, पडलेल्या भुवया, दाण्यावरून उठलेल्या चिमण्यांसारख्या. उजव्या बाजूला काहीच हललं नाही. पानामागून पान पडत होतं आणि एकच जोडी जागेवर राहून माझ्याकडे बघत होती.

कुंपण म्हणे.

किती वेळ बसले होते, ठाऊक नाही. सून पडद्याआडून आली आणि म्हणाली, लवंगी मैत्रिणींबरोबर समोर गेलीय, तुम्ही उगाच काळजी करू नका. आवाज मऊ होता. शेवटच्या अक्षरावर ती थोडी थांबली.

मी धावले. गुडघे माझे आहेत हे विसरून धावले.

आत सहा खुर्च्यांत सहा मुली बसल्या होत्या. सगळ्यांचे केस मागं बांधलेले, गळ्यापर्यंत पांढरं कापड. आरशात सहा चेहरे. सहाही जणींच्या कपाळाखाली माझी कमान, अखंड.

मी लवंगी म्हणून हाक मारली.

सहाही जणी आरशातून माझ्याकडे बघत राहिल्या. प्रेमानंच बघत होत्या.

मी प्रत्येकीच्या मागं जाऊन उभी राहिले. कान बघितले, मान बघितली. ज्या पोरीला मी न्हाऊ घातलं, तिचा कान मला आठवेना. सतरा वर्षं मी दोन तांदळाएवढ्या जागेकडेच बघत होते. बाकीची मुलगी मी कधी नीट बघितलीच नव्हती.

मग मला माझी एकच विद्या आठवली. मी तोंड सोडलं. आळशी म्हटलं, उद्धट, बिनअकलेची म्हटलं, तुझ्यापेक्षा मांजर पाळलं असतं तर उंदीर तरी गेले असते, असं म्हटलं. आणि वाट बघितली. माझी लवंगी हे ऐकून घेणार नाही. ती म्हणेल, उंदीरसुद्धा तुझ्या तोंडाला भिऊन गेलेत. म्हणेल काहीतरी.

सहाही चेहऱ्यांवरची कमान हलली नाही.

थोड्या वेळानं तिसऱ्या खुर्चीतली उठली, कापड काढून तिनं घडी घातली आणि माझा हात धरला. हात गार होता. ती म्हणाली, "घरी जाऊ या, आजी."

मी तिला घेऊन आले. उरलेल्या पाचजणींकडे मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं.

घरी तिला खुर्चीत बसवलं. तिनं मान मागं टाकली, पापणी ताणून धरली. मी वहीतलं लवंगीचं पान काढलं, डावं. दोरा दातात धरला आणि जन्मात पहिल्यांदा उलटं काम केलं. कमानीच्या मधोमध, मोजून, एकेक केस ओढत दोन तांदळांची जागा मोकळी केली. ह्या कामात कुणाच्याही डोळ्यांतून पाणी येतंच, पोलीसबाईच्याही येतं. हिच्या आलं नाही.

झाल्यावर तिनं आरशात बघितलं आणि मग खाली बघितलं. फोटोतल्यासारखं. मी तिला पोटाशी धरलं. ती लवंगी आहे का, हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनातसुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी काचेतून एक मुलगी निघाली, रस्ता ओलांडून आली आणि बोटानं स्वतःची डावी भुवई दाखवून म्हणाली, तिच्यासारखं हवंय. मी सांगितलं, हे विकायचं नाही. ती बाकावर बसली. तिच्या मागोमाग आणखी दोघी. मग शिंपीणबाई, बँकेतली, शाळेतल्या बाई. पडदा बाजूला सारून माझी सूनही येऊन बसली. कुणी घाई केली नाही. दुपारच्या उजेडात त्या बसून राहिल्या आणि बाहेरची रहदारी कापसातून ऐकू यावी तशी येत राहिली.

मी एकीला खुर्चीत घेतलं. एकीलाच, असं ठरवून. काम झालं आणि तिनं आरशात बघून नजर खाली केली. माझी मुलगी. घटकाभरच, पण तीच. मग दुसरीला घेतलं.

आता रोज येतात. गल्लीत, बँकेत, शाळेच्या दारात, जिकडं बघावं तिकडं माझी मुलगी चालत असते. इतकी भेट तर ती असतानाही होत नव्हती. मी दिवसभर उभी असते आणि पाय दुखत नाहीत. वहीचं डावं पान मी हल्ली भरत नाही.

संध्याकाळी सगळ्या जातात. एकटी मागं थांबते, दोरे गुंडाळते, दिवे मालवते, मला आजी म्हणते. रोज एकच थांबते. ती तीच असणार, असं मी धरून चालते.

आज जी थांबली, तिनं दारात लवंगीच्या चपला पायात सरकवल्या. टाच बोटभर बाहेर राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं.

"चल," मी म्हटलं, "जेवण निवतंय."