मला विहीण व्हायचं नव्हतं

सिमेंट ओलं होतं, आणि मी त्यावरच पाठीवरचा बांबूचा टोपला, डोको, टेकला.

"अहो बहिनी! आत्ताच लिंपलंय ते—"

"मग बरोबर कमरेच्या उंचीला कशाला बांधलंत? ओझ्यानं बघितलं... आणि टेकलंच."

असा भेटला शिशिर. धरान शहरातून आलेला इंजिनिअर. भूकंपात आमचं गाव दरडीखाली गेलं आणि उरलेल्यांना या पठारावर पत्र्याच्या रांगांत आणून बसवलं. दारं मिळाली, पण चार माणसांनी टेकावं अशी जागा नाही. म्हातारे रोज खालच्या फुटक्या पारावर जाऊन बसायचे, माझे बासुद्धा. डोक्यावर सुटलेली दरड लोंबतेय, तरी!

म्हणून हा नवा पार, आमची चौतारी. दगडांत लाकडी पट्टे गुंफलेले, हादरली तरी उसवू नये म्हणून. भोवती, धावत सुटलं तर सारं गाव मावेल एवढं अंगण. मधोमध वड आणि पिंपळ. मुळं माती धरतील.

तो दगड रचायचा, मी पाणी वाहायचे. संध्याकाळी दोघंही इतके दमलेले, की वाक्यं अर्ध्यातच बसून जायची.

"बहिनी, चहा—"

"सगळं मोजून बांधता, आणि धाकट्या बहिणीचं नातं तेवढं अंदाजानं लावता होय?"

तो हसला. मग पुन्हा बहिनी म्हणाला नाही. काहीच म्हणायचा नाही... नुसता बघायचा आणि पेला पुढे करायचा.

झाडांचं लग्न लागल्याशिवाय आमच्यात चौतारीवर, वधूवरांचे आईबाप सोडून, कुणी बसत नाही. वड नवरा, पिंपळ नवरी. बुजुर्गांनी ठरवून टाकलं: वराचा बाप इंजिनिअर, वधूची आई गोमा. म्हणजे मी.

माझा पाय उचलेना. त्या चटईवर एकदा बसले, की मी त्याची विहीण. व्याह्याशी विहिणीचं लग्न गाव जन्मात लावणार नाही.

"बस गं गोमा, मुहूर्त चाललाय!" भटजी ओरडले.

"नाही बसत."

"आता काय झालं?"

आई गेली, घर गेलं, पत्र्याखाली पावसाळे गेले. कशालाच नाही म्हणायचं त्राण उरलं नव्हतं. कुठे थोडं राहिलं असेल, ते इथे कामी आलं.

"मला यांची विहीण नाही व्हायचं."

समोरून शिशिर उठला. आपली चटई गुंडाळून इकडे आला आणि माझ्या चटईला लागून अंथरली.

"नवरीला आई-बाप दोघं लागतात ना?" भटजींना म्हणाला. मग मला, हळूच, "बस... किती वेळची उभी आहेस."

"अरे, मग वराकडून कोण?"

"मी!" बांनी टोपी सावरली. "पोरीचाच व्याही व्हायचं होतं नशिबात!"

काठी टेकत ते वडाकडे गेले आणि नव्या चौतारीवर पहिल्यांदा मांडी घालून बसले.