दौंडचा जंपर

दौंडहून शिरूरला जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली म्हणजे निम्मा दिवस सार्थकी लागला, असं स्वप्नालीचं मत होतं. त्या दिवशी तिला ती मिळाली होती. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यावर दोन्ही हात. शेजारी एक मुलगा येऊन बसला. काखेत कीबोर्ड, खांद्याला पिशवी आणि चेहऱ्यावर असा थाट, की एसटी त्याच्याच मालकीची आहे आणि बाकीच्यांना तो मेहेरबानी म्हणून नेतोय.

खड्डा आला. स्वप्नालीनं डबा वर उचलला. खड्डा गेला, तसा अलगद खाली घेतला. पुन्हा खड्डा, पुन्हा डबा वर. त्या रस्त्यावर हे काही थांबण्यातलं नव्हतं.

"रस्सा हाय का?" त्यानं विचारलं.

ती खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिली.

"न्हाई, सांडायची भीती असंल तर धरतो म्हटलं. रश्श्याचा डबा असाच धरावा लागतो."

"रस्सा नाही."

"मग... श्रीखंड?"

आता मात्र तिनं सरळ झाकणच उघडलं. आत जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात, बाळंत्यात तान्हं बाळ असावं तशी गुंडाळलेली हार्ड डिस्क होती. मुलानं डब्यात पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा डब्यात.

"ही भाजी तर मी रोज करतो," तो म्हणाला.

आणि स्वप्नालीला असं हसू आलं, की तिनं डब्याचं झाकणच तोंडावर धरलं. झाकणाच्या वर फक्त डोळे — आणि ते डोळेसुद्धा हसत होते!

त्याचं नाव सुरज. दौंडला स्टेशनसमोर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. न्हावरा येईपर्यंत त्याला स्वप्नालीची सगळी कहाणी ठाऊक झाली. बावीस वर्षांची, बी.सी.एस. झालेली, राहणार कवठे येमाई. घरी कॉम्प्युटर आहे, त्यावर ती पंचक्रोशीच्या लग्नपत्रिका करते. रांजणगावच्या एका कंपनीत पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे आणि तिथं लिनक्स येणारी मुलगी हवी आहे. पण लिनक्सचा सराव करायचा कशावर? लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली, आणि घरच्या डिस्कवर तर विंडोज आहे, पत्रिका आहेत, ऐन लग्नसराई आहे. म्हणून दौंडच्या मावसभावाकडून ही जुनी डिस्क मागून आणलेली.

"एकाच डिस्कचे दोन भाग केले तरी दोन्ही बसत्यात की," सुरज म्हणाला.

"नको. एका घरात दोघं कोंडले की एक दुसऱ्याचं सामान बाहेर टाकतो. माझी एक पत्रिका पुसली गेली तर लोक नवरीला घेऊन दारात येतील. वेगळ्या चुली बऱ्या."

सुरजला हे भारी आवडलं. त्यानं मोठ्या ऐटीत समजावलं — डिस्क जोडायची चपटी केबल असते, त्या एकाच पट्टीवर दोन्ही डिस्का लावा, पट्टीला मधे दुसरं तोंड असतंच, यंत्र आपोआप दोघींना ओळखतं. अडलं तर फोन करा. कागद नव्हता, म्हणून दुकानाचा नंबर त्यानं आपल्याच तिकिटामागं लिहून दिला आणि ते तिकीट तिच्या डब्यात ठेवलं.

शिरूरला उतरल्यावर चेकरनं त्यालाच नेमकं तिकीट मागितलं, हे तिला नंतर कळलं.

घरी येऊन तिनं दोन्ही डिस्का लावल्या, बटण दाबलं आणि यंत्रानं एकीलाही ओळख दाखवली नाही. तिनं मागून आणलेली डिस्क काढली. घरची नीट चालली, पत्रिकाही जागच्या जागी. मग तिनं आणलेल्या डिस्कची पाठ उलटून पाहिली आणि कपाळावर हात मारला. जंपरच नव्हता. डिस्कच्या मागच्या सुयांवर एक चिमुकलं टोपण बसवायचं असतं, तोच जंपर. त्यावरून यंत्राला कळतं थोरली कोण आणि धाकटी कोण. तो हरवलेला, म्हणून आणलेली डिस्कही स्वतःला थोरलीच समजत होती. एका घरात दोन थोरल्या झाल्यावर दुसरं काय होणार?

आणि लिनक्स बसलं नाही तर मुलाखत गेली. मुलाखत गेली, तर त्यानंतरच्या रविवारी भांडगावचे पाहुणे तिला बघायला येणार. आबांशी करारच झाला होता — नोकरी लागली तर पाहुण्यांना थांबवतो, नाही लागली तर मुकाट्यानं पोहे घेऊन बाहेर यायचं. आबा म्हणजे मारुतराव, शब्दाला पक्के. भांडगावच्यांची एकच अट होती, मुलीनं घरीच राहावं. पत्रिकासुद्धा करायच्या नाहीत.

तिनं डब्यातलं ते तिकीट काढलं आणि फोन लावला.

ओसरीवर कस्तुरा आत्या चिंचा फोडत बसली होती. कस्तुरा आत्या आबांची थोरली बहीण; आई गेल्यापासून घर तिच्याच शब्दावर चाले. तिला फोनवरची एकच बाजू ऐकू येत होती.

"हॅलो, मी कवठ्याची... डबेवाली. अहो, जंपरच नाही! ... थोरलीला आहे, धाकटीला नाही. म्हणून तर दोघींचं वाजलंय. ... मापाचं काय, सगळ्यांना एकाच मापाचा बसतो. ... काळा, पांढरा, कुठलाही चालेल. ... तुम्ही स्वतः आणून देताय? दौंडचं दुकान बंद ठेवून, इतक्या लांब? ... बरं... मग दोन आणा."

आत्याचा दगड हवेतच थांबला.

तिला ‘जंपर’ झंपरच ऐकू आला होता, आणि कवठ्यात झंपर एकच. बायका साडीवर घालतात तो. आणि तो बाईला कोण आणतं? माहेरची माणसं आणतात, भाऊ आणतो, नाहीतर ज्याच्याशी ठरलंय तो आणतो. दौंडचा तो पोरगा भाऊ तर नव्हता.

आबा रानातून आले तसं आत्यानं त्यांना गोठ्यामागं नेलं.

"दोन मागितलं पोरीनं. येक न्हाई, दोन. येक हळदीचा, येक लग्नाचा."

"कोण हाय पोरगा?"

"दौंडचा हाय. दुकान हाय म्हणं. झंपराचंच आसंल."

आबा बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पोरीनं न सांगता ठरवलं याचा राग होता, पण आधी दुसऱ्याच्या नावचं कापड घरात यायचं आणि वर भांडगावच्यांना बसायला पाट द्यायचे, हे त्यांच्या तत्त्वात बसेना. पोरीचं जमलंय, असं आत्यानं भांडगावला कळवून टाकलं. स्वप्नालीला कुणी अक्षरानं बोललं नाही. तिला फक्त एवढंच दिसलं, की आत्या अचानक अंगण सारवू लागलीय.

सुरज आला तेव्हा दारात रांगोळी होती. आत पुरण शिजल्याचा वास. त्याच्या पायावर पाणी घातलं गेलं, डोक्यावर टोपी ठेवली गेली. त्यानं स्वप्नालीकडे बघून भुवया उडवल्या. तिनं खांदे उडवले. लाइट गेलेली, म्हणजे कॉम्प्युटर बंद. दोघांची सुटका नव्हती.

मग चौकशी सुरू झाली. आजोबांचं नाव काय? गेणबा. मेंढ्या होत्या का? होत्या, आता ऊस आहे. आजोळ कुठलं? दुसरी पोळी ताटात पडेपर्यंत आत्यानं गेणबाच्या आणि आपल्या मेंढ्या एकाच रानात बसवल्या होत्या आणि सुरजच्या आजीला आपल्या चुलतीची नणंद करून टाकलं होतं. सुरज घामाघूम. कॉम्प्युटर दुरुस्तीला आल्यावर पुरणपोळी मिळण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती.

"बरं," आत्या पदर सावरून म्हणाली. "आता झंपर दाखवा."

सुरजनं शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि आत्याच्या तळहातावर उलटी केली. दोन काळे तुकडे. मसुरीच्या डाळीएवढे.

आत्यानं हात डोळ्यांजवळ नेला. मग लांब नेला.

"ह्ये कुठं घालायचं?"

"डिस्कच्या मागं, आत्या."

स्वप्नालीनं आत्याकडे पाहिलं, टोपीतल्या सुरजकडे पाहिलं, रांगोळीकडे पाहिलं — आणि तिला सगळं एकदम उलगडलं. हाताशी ताट होतं, तेच तिनं तोंडावर धरलं. हसू आवरल्यावर तिनं थोरली-धाकटीचं सगळं नीट सांगितलं. आत्याला ते चटकन पटलं. दोन थोरल्या जावा एका घरात नांदत नाहीत, हे तिला यंत्रानं शिकवायची गरज नव्हती.

आबा मात्र हसले नाहीत.

"म्हंजी भांडगावच्यांना न्हाई म्हणून कळवलं, ते ह्या दोन कण्यांपायी?"

हे स्वप्नालीला पहिल्यांदाच कळत होतं. छातीत काहीतरी टुणकन उडालं... आणि लगेच खाली आलं, कारण आबा उठले होते. चूक झाली ती निस्तरली पाहिजे, त्यांना ठरल्या रविवारी यायला सांगतो, असं पुटपुटत त्यांनी फोनचा रिसीव्हर उचलला.

स्वप्नालीनं सुरजकडे बघितलं. एसटीत ज्याची जीभ टाळ्याला लागली नव्हती, तो माणूस पोळीवरचं तूप बोटानं पसरत बसला होता.

"सुरज," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही पट्टीचं सांगितलंत. जंपरचं का नाही सांगितलं?"

"इसरलो."

"रोज हीच भाजी करणारा माणूस मीठ कसं विसरतो?"

आबांचं बोट डायलवर फिरत होतं.

"तुम्ही..." सुरजनं टोपी काढली, पुन्हा घातली. "तुम्ही झाकण तोंडावर धरून हसला. त्याच्या म्होरचं मला काहीच आठवत न्हाई. तिकीटबी तुम्हालाच देऊन बसलो. चेकरनं धरलं, तवा शुद्धीवर आलो."

डायल फिरायचं थांबलं.

सुरज उठून उभा राहिला. "आबा, मी झंपर आणला न्हाई, जंपरच आणला. खोटं कशाला बोलू? पण झंपर आणायला तुमची हरकत नसंल तर... माप विचारायला आईला पाठवतो."

आबांनी रिसीव्हर हातातच ठेवला आणि लेकीला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

स्वप्नालीला वाटलं होतं, असा प्रश्न कधी आलाच तर आपण लाजून आत पळू. पण पाय हलले नाहीत, आणि तिलाच त्याचं नवल वाटलं.

"मला दोन्ही पाहिजेत, आबा. नोकरीपण आणि... हेपण. एक पुसून दुसरं नको."

आबांनी सुरजकडे पाहिलं.

"दोन डिस्का लागत्याल," सुरज गंभीरपणे म्हणाला. "मी घेतो की."

आबांनी रिसीव्हर खाली ठेवला. हसले नाहीत, पण मिशीचं एक टोक हललं. "मुलाखत होऊ दे. मग तुझ्या आईला पाठव."

जंपर स्वप्नालीनंच बसवला, आत्याच्या काटे काढायच्या चिमट्यानं. सुरज फक्त बॅटरी धरून उभा होता. बॅटरीचा उजेड सारखा डिस्कवरून तिच्या बोटांवर सरकत होता आणि ती सारखी "इकडं... इकडं" म्हणत होती. लाइट आली. यंत्रानं एक छोटी शिट्टी दिली आणि पडद्यावर दोन्ही डिस्का दिसल्या, थोरली वर, धाकटी खाली. दिवस कलेपर्यंत लिनक्स बसलं. पुन्हा बटण दाबलं, तर यंत्र विंडोज आणि लिनक्स अशी दोन नावं दाखवून थांबलं.

"का थांबलं?" आत्यानं विचारलं.

"विचारतंय, कुणाकडं जायचंय."

"शाणं हाय," आत्या म्हणाली. "माणसंबी आसं आधी इचारतील तर किती बरं."

नोकरी लागली. पहिल्या पगाराच्या आधीच सुरजची आई येऊन माप घेऊन गेली. साखरपुड्याला दौंडकरांनी ताट आणलं, त्यावरचा रुमाल आत्यानं स्वतःच्या हातानं बाजूला केला. नारळ, साडी, साडीवर घडी घातलेला मोरपंखी झंपर. आणि झंपराच्या बरोबर मधोमध, हळदीकुंकू लावलेला, मसुरीच्या डाळीएवढा काळा जंपर.

स्वप्नालीनं तोंडावर धरायला काहीतरी शोधलं. काहीच सापडलं नाही. ती सगळ्यांसमोर तशीच हसली आणि समोर टोपी घातलेला एक मुलगा पुढचं सगळं विसरून गेला.

आत्यानं जंपर उचलून डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला.

"माप बराबर हाय," ती म्हणाली आणि साखरेची पुडी फोडली.