साखर नको म्हणणारं घर

वरदा त्या घरात इतिहासासाठी शिरली नव्हती. ब्रिस्टलमध्ये पाऊस तिरका पडतो, छत्री हा तिथे केवळ श्रद्धेचा विषय आहे, आणि हॉस्पिटलकडे जाणाऱ्या बसला अजून बराच वेळ होता. समोर पाटी दिसली: मर्सर हाउस, गुलामगिरीविरोधी चळवळीचं घर, आत यावे. तिने त्यातलं ‘आत यावे’ एवढंच मनावर घेतलं.

डायनिंग रूममध्ये एक उंच, सावळा तरुण हात मागे बांधून उभा होता. लांब टेबलावर जुन्या कपबशा मांडलेल्या आणि मधोमध साखरेचं चिनी मातीचं भांडं... उपडं. वरदाने भांड्याकडे पाहिलं, मग त्याच्या कोटावरच्या बिल्ल्याकडे, आणि तिथेच थबकली. शिमोन झिराडकर.

“झिराड म्हणजे — अलिबागजवळचं?” ती चक्क मराठीत बोलून गेली.

तो क्षणभर गोंधळला आणि मग असा हसला, की वरदाला आपले केस ओले असल्याची पहिल्यांदा जाणीव झाली.

“आडनाव तिकडचं आहे,” तो म्हणाला. “मी लंडनजवळच्या हाउन्सलोचा.”

त्याचे वाडवडील बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेले ज्यू. शिमोन आठवडाभर विमानांच्या पंखांची गणितं करायचा, शनिवारी शब्बाथची सक्तीची विश्रांती पाळायचा आणि रविवारी इथे हौसेने उभा राहायचा. माणसाने मांडलेल्या माणसांच्या बाजाराविषयी सांगायची त्याची तयारी असे. लोक त्याला पडद्यांच्या कापडाविषयी विचारत.

भांडं उपडं का, हे वरदाने विचारल्यावर तो खुलला. हे अख्खं शहर साखरेवर आणि गुलामांच्या व्यापारावर गबर होत होतं, तेव्हा या घरातल्या हॅना मर्सर नावाच्या बाईने गुलामांच्या घामाची साखर बंद केली. भांडं उपडं घातलं, ते मरेपर्यंत. तिचा दीर जहाजवाला. जेवायला आला की चमचाभर तरी घे म्हणून मागे लागायचा.

“आणि ती?”

“नको म्हणायची.”

“मग?”

“मग काय? नको म्हणजे नको.” तो आता हसत नव्हता. “ज्यांना त्या जहाजांत कोंबलं, त्यांचं ‘नको’ कोणी ऐकलं नाही. निदान ह्या घरात तरी ऐकतात.”

वरदाला ते वाक्य फार आवडलं. पुढे ते तिच्याच मुळावर यायचं होतं. पण वाक्यांवर तशी सूचना छापलेली नसते.

त्याची सुट्टी झाली तेव्हा त्याने तिला टी-रूममध्ये नेलं आणि चहा घेणार का, असं विचारलं. “नको, कशाला उगाच,” वरदा म्हणाली. शिमोनने मान डोलावली, स्वतःपुरता एक चहा आणला आणि तिच्यासमोर बसून तो शांतपणे प्यायला. वरदा सांगलीची. घरी आलेल्या पाहुण्याच्या देखत एकट्याने चहा पिणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता.

शेवटी तिने त्याला समजावलं. पहिलं ‘नको’ धरायचं नसतं. ती नुसती रीत असते. यजमानाने दुसऱ्यांदा विचारायचं, मग पाहुण्याने “बरं, अर्धा कप” म्हणायचं आणि यजमानाने पूर्ण भरून आणायचा.

“आणि खरंच नको असेल तर?”

“तर तिसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि मग घ्यायचा.”

शिमोनने हे एखादा कायदा ऐकावा तसं ऐकून घेतलं. मग उठून उभा राहिला, कोट सारखा केला. “दुसऱ्यांदा विचारतो. चहा घेणार?”

“बरं,” वरदा म्हणाली, “अर्धा कप.”

मग रविवार सुरू झाले. ड्यूटी नसेल त्या रविवारी वरदाला इतिहासाची ओढ लागायची. भूल देण्याचं काम करणारी ती डॉक्टर. समोरचा माणूस शुद्ध हरपायच्या आधी काय बोलतो याची तिला सवय होती, पण शिमोन शुद्धीत असतानाच तसं बोलायचा. “तू आलीस की मी लोकांना चुकीचे सन सांगतो,” असं एकदा त्याने टेबलावरचे काटेचमचे नीट करता करता सांगितलं आणि लगेच एका शाळेच्या सहलीकडे वळला. पूर्ण सहलीने त्याचे लाल झालेले कान पाहिले. आणि चहाच्या वेळी न चुकता तो मान झुकवायचा: “दुसऱ्यांदा विचारतो.”

एकदा त्याने तिला हाउन्सलोला नेलं. चुलतभावाला मुलगा झाला म्हणून लीया आत्याने एलियाहू हन्नावी या प्रेषिताच्या नावाने मलिदा केला होता — भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं.

“आमच्यात पोहे देऊन मुलगी दाखवतात,” वरदा त्याच्या कानाशी म्हणाली.

“गोड?”

“तिखट. कांदे घालून.”

“म्हणजे रडायचं कारण आधीच तयार,” शिमोन म्हणाला. “आमच्यात आधी देवाचे आभार. रडणं लग्नानंतर.”

वरदा “नको, पुरे” म्हणत हाताने ताट झाकत होती आणि लीया आत्या बोटांच्या फटीतून वाढत होत्या. “पोरगी नको म्हणतेय, म्हणजे आवडलंय तिला,” त्यांनी शिमोनला ऐकवलं. आग्रहाचा धर्म दोन्ही घरी एकच होता. मधल्यामध्ये शिमोन तेवढा इंग्रज झाला होता.

वसंतात ग्लासगोच्या हॉस्पिटलातून वरदाला पक्क्या नोकरीचं बोलावणं आलं. ब्रिस्टलमध्येही ठेवून घ्यायला लोक तयार होते. कुठे राहायचं ते सोमवारी कळवायचं होतं. रविवारी संध्याकाळी शेवटचे पाहुणे पडद्यांचं कौतुक करून गेले. डायनिंग रूममध्ये दोघंच उरले. काचेवर पाऊस बोटं वाजवत होता.

“राहशील इथे?” शिमोनने विचारलं. “म्हणजे... माझ्याबरोबर. नेहमीसाठी.”

वरदाच्या मनात ‘हो’ कधीचं कपडे करून बसलं होतं. पण सांगलीत वाढलेल्या मुलीच्या तोंडून आधी कोणता शब्द बाहेर पडतो, ते ठरलेलं असतं.

“नको रे,” ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली. “कशाला उगाच... माझ्यामुळे तुझ्या घरच्यांना त्रास.”

आणि ती थांबली. आता तो मान झुकवेल. म्हणेल, दुसऱ्यांदा विचारतो. तिने ‘बरं’ जिभेवर आणूनसुद्धा ठेवलं.

शिमोन उपड्या भांड्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “बरं.”

तिचा शब्द त्यानेच वापरून टाकला.

त्याने दिवे मालवले. तिचा कोट धरला. वरदाला बाही सापडायला लाज वाटावी इतका वेळ लागला. स्टॉपवर त्याने सगळी छत्री तिच्यावर धरली, त्याचा खांदा भिजत राहिला. “शिमोन —” ती म्हणाली. “हं?” “काही नाही.” दुसऱ्यांदा विचारणं हे समोरच्याचं काम असतं. ते स्वतः करायचं असतं, असं तिला कोणी शिकवलंच नव्हतं. ब्रिस्टलच्या बसेसची उशिरा येण्याबद्दल ख्याती आहे. त्या संध्याकाळी बस वेळेवर आली.

लंडनजवळ पिनरला राहणाऱ्या वैजयंती मावशीला तिने फोनवर सगळं सांगितलं. “एकदाच विचारलं?” मावशी हबकली. “अगं, पोळी वाढतानासुद्धा आपण तीनदा विचारतो.” मग तिने मोर्चा वरदाकडे वळवला. “आणि तुला काय तोंड नव्हतं?”

सोमवारी वरदाने ग्लासगोला होकार कळवला. नोकरीला मात्र तिने पहिल्याच विचारण्याला हो म्हटलं. कामाच्या बाबतीत सांगलीची माणसं सरळ असतात.

ग्लासगोत ती बदलली. कोणी काही विचारलं की लगेच ‘हो’ म्हणायची सवय तिने स्वतःला लावून घेतली. त्यापायी दोन कमिट्या आणि एक मांजर गळ्यात पडलं. ज्याच्यासाठी सवय लावली, त्याला फोन करायचं मात्र रोज उद्यावर गेलं.

दोन वर्षांनी एका कोर्ससाठी ती ब्रिस्टलला आली. रविवारी पाय आपोआप मर्सर हाउसकडे वळले. तो तिथेच होता. एक बाई भांड्याकडे हात नेत होती. शिमोनने इंग्रजीत एकदाच नको म्हटलं आणि बाईने हात मागे घेतला. मग त्याने वर पाहिलं, आणि कानांना जुनी सवय आठवली.

टी-रूममध्ये त्याने विचारलं, “चहा घेणार?”

“हो.”

तो थांबला. मान झुकवायच्या तयारीतच होता बिचारा. “रीत सोडलीस?”

“उशिरा सोडली.”

कप ठेवताना त्याच्या बोटातली अंगठी तिला दिसली. तिला ती दिसली, हे त्यालाही दिसलं. मुलगी पिनरची, डॅनिएला नावाची. लग्न पुढच्या महिन्यात. हे सगळं त्याने साखर ढवळत सांगितलं. साखर कधीच विरघळली होती.

“त्या दिवशी स्टॉपवर मी विचारणार होतो,” तो म्हणाला. “दुसऱ्यांदा. मग वाटलं, चहाचं ठीक आहे... पण हे विचारणं म्हणजे जबरदस्ती होईल.”

“तुझं बरोबर होतं,” वरदा म्हणाली. खरोखरच होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. त्याला दोष देता आला असता, तर दोन वर्षं जरा बरी गेली असती.

बाहेर तिरका पाऊस सुरू झाला. शिमोनने कप बाजूला सरकवला.

“लग्नाआधी लीया आत्या मलिदा करतेय. तुझी फार आठवण काढते.” तो अडखळला. “येशील?”

“हो,” वरदा म्हणाली.

एका दमात, वर बघून, त्याच्या डोळ्यांत पाहत. आपण विचारलेला प्रश्न आत्ताचा होता की दोन वर्षांपूर्वीचा, ते शिमोनला क्षणभर आठवेना.