रूथचं पान

त्या दोघांची गाठ पडली ती थेट वेदीसमोर. हुरळून जाऊ नका, लग्नासाठी नव्हे! चर्चमध्ये रोज सकाळच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, बायबलमधलं पहिलं वाचन करणारे मास्तर त्या दिवशी आलेच नव्हते. फादरांनी मान वर करून बाकांकडे पाहिलं, आणि डावीकडून ती, उजवीकडून तो, असे दोघं एकदमच उठले. वाचनपीठापाशी त्यांची टक्कर होता होता राहिली.

“तुम्ही वाचा,” तो पुटपुटला.

“नको, तुम्हीच—”

“हे बघा.” त्याने तळवे पुढे केले. ग्रीसने काळेकुट्ट. रात्रभर चाललेल्या लिफ्टच्या दुरुस्तीवरून तो तसाच आला होता. “पुस्तकाची वाट लागेल.”

तिने हसू दाबत वाचायला सुरुवात केली. वाचन पापाबद्दलचं होतं, आणि वाचणारीच्या गालाला खळी... फादरांनी खोकून घेतलं.

मग रोजचंच झालं ते. मिस्सा संपली की ती बाहेर पायऱ्यांवर सासूबाईंसाठी थांबायची, कारण सासूबाई एकेका बाकाला हात लावत, निरोप घेतल्यासारख्या बाहेर यायच्या. तेवढ्यात तो तिथे उगवायचा. दोघांनी एक खेळ काढला होता. वाचनातली एक ओळ निवडायची, दिवसभर कामावर पाळायची आणि दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगायचं.

“‘उद्याची चिंता नको’ हे पाळलं मी,” ती म्हणाली. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. “एक कवळी उद्यावर ढकलली. नातीच्या लग्नात आजोबांचे सगळे फोटो ओठ मिटून!”

“माझं ऐका. माझी ओळ होती, ‘नाही म्हणजे नाही’. वरच्या मजल्यावरच्या बाईंना तोंडावर सांगितलं, लिफ्ट आज होणार नाही. त्यांनी माझा उद्धार केला, पार खापरपणजोबांपर्यंत.”

“चला, झाला ना उद्धार? त्यासाठीच तर मिस्सेला येता.”

“कोण म्हणतं त्यासाठी येतो?” तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघत राहिला. रिमझिम सुरू झाली होती. त्याने छत्री उघडली ती सगळी तिच्याच बाजूला कलली होती. तिला वाटलं, पाऊस थांबू नये. आणि लगेच स्वतःचाच राग आला.

कारण घरी हसण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. नवरा गेला, आणि त्यामागोमाग सासूबाईंची आठवणही जाऊ लागली. रोज संध्याकाळी त्या दाराशी खुर्ची टाकून मुलाची वाट बघत बसायच्या. “येऊ दे त्याला, तुझी सगळी गाऱ्हाणी सांगते,” असं तिलाच धमकवायच्या. एकदा तिने त्यांना आपल्या बहिणीकडे राहायला नेलं, तर घर कुठे गेलं म्हणून त्या दार बडवत बसल्या आणि आवाज बसेपर्यंत ओरडल्या. लॅबमधून परतताना, कडी उघडायच्या आधी, ती तशीच उभी राहायची. आपलं आयुष्य इथेच संपलं, आता फक्त दिवस ढकलायचे, असं तिला रोज वाटायचं.

त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली.

“माझ्याबरोबर चला,” तो म्हणाला. छत्रीची मूठ उगाचच फिरवत होता. “लग्न करू.”

“आणि आई?”

“तुमच्या बहिणीकडे काय झालं ते तुम्हीच सांगितलंत, परक्या शहरात नेणं त्यांना झेपणार नाही. इथे सिस्टरांचा वृद्धाश्रम आहे, मी बघून आलो. स्वच्छ आहे... माणसं मायेची आहेत.” तो थांबला. “तुम्हीही जगायला हवं ना?”

“उद्या सांगते,” ती म्हणाली. पण मनातून तिचं ‘हो’ ठरलंच होतं.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी वाचन तिच्याकडे होतं, ते बायबलमधल्या रूथचं. नवरा मेलेली रूथ म्हाताऱ्या सासूचा हात सोडत नाही, तू जाशील तिथे मी येईन, तू राहशील तिथेच राहीन म्हणते. समोरच्याच बाकावर सासूबाई बसल्या होत्या. हे शब्द उच्चारायचे आणि मग त्यांना सोडायचं?

त्या पुस्तकात एकाच दिवसाची दोन वर्षांची वाचनं लागोपाठ छापलेली असतात. एक वर्ष हे, एक वर्ष ते. पान चुकणं प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी झालेलं. तिने पान उलटलं, ते मात्र जाणूनबुजून.

सुक्या हाडांनी भरलेल्या खोऱ्याचं वाचन निघालं. ही हाडं पुन्हा जिवंत होतील का, असा देवाचा प्रश्न आला, आणि तिचा आवाज फाटला.

फादरांनी भुवई उंचावली आणि सोडून दिलं. त्याला मात्र कळलं. पुस्तकातली खुणेची रिबीन मिस्सेआधी त्यानेच त्या दिवसाच्या पानावर, रूथवर ठेवली होती.

“पान चुकलं तुमचं,” पायऱ्यांवर तो हळूच म्हणाला.

“नाही चुकलं.”

त्याचा चेहरा उजळला. “म्हणजे... हो?”

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. तिच्यासमोर थांबल्या, तिला न्याहाळलं आणि परक्या माणसाला करावा तसा नमस्कार केला.

“बाई, छान वाचलंत हो. मला जरा घरी सोडाल? उशीर झाला की माझी सून घाबरते.”

आजवर त्या मुलाची वाट बघत होत्या. सुनेचं नावही कधी निघालं नव्हतं.

“कशी आहे तुमची सून?” तिने कसंबसं विचारलं.

“वेंधळी आहे जरा. पण घरी येते हो. रोज येते.”

 मग ती त्याच्याजवळ जाऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही मला आवडता. फार आवडता. पण मी येत नाही.”

“मी थांबू? नोकरी काय, इथेही...”

“नका थांबू. थांबलात तर मी रोज यांच्या मरणाची वाट बघेन.”

त्याने मान डोलावली. डोळे भरले होते, ते त्याने लपवलेही नाहीत. तिने त्याच्या बाहीला एकदा हात लावला आणि सासूबाईंकडे वळली.

“तुम्ही कुठे राहता, बाई?” सासूबाईंनी विचारलं.

“तुम्ही राहता तिथेच.”

“मग बरंच झालं की,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला. “चला, सून वाट बघत असेल.”