डावीकडून आत

भाद्रपदाच्या शेवटाला पडणारा पाऊस आमच्याकडे कुणालाच नको असतो. कापसाची बोंडं उमलायला आलेली असतात, आणि शेतकरी आभाळाकडे बघून दात-ओठ खात असतात. मला मात्र तो चालतो. तो आला की आग्रा रोडवरची माणसं धावत आमच्या दुकानाच्या पत्र्याखाली येतात, आणि मला बसल्याजागी माणसं बघायला मिळतात. कोण आधी केस पुसतो, कोण आधी मोबाईल... एवढ्यावरून मी माणसाचा अर्धा हिशेब मांडते. उरलेला अर्धा त्यानं छापायला आणलेल्या फाइलवरून.

त्या सोमवारी जो आला, त्यानं केसही पुसले नाहीत आणि मोबाईलही नाही. अंगावरचं जॅकेट काढून त्यानं एका पिशवीला गुंडाळलं होतं. स्वतः चिंब, पिशवी कोरडी.

"पिशवीत बाळ आहे का?" मी काउंटरमागून विचारलं.

"बारा आहेत," तो म्हणाला. आणि हसला. समोरच्या एका दाताचा कोपरा किंचित तुटलेला होता. हे लक्षात ठेवायचं काही कारण नव्हतं. तरी राहिलं.

पिशवीतून निघाले तळहाताएवढे ॲल्युमिनियमचे बारा डबे. घासून घासून चांदीसारखे केलेले. प्रत्येकाला वर तीन भोकं आणि दोन्ही बाजूंना एकेक.

"मसाल्याचे म्हणावं तर भोकं कशाला?"

"गिटारची पेडल आहेत. गिटार आणि स्पीकरच्या मधे ठेवायची. पायानं दाबलं की आवाज बदलतो. आतलं सगळं मीच जोडतो." मग जरा थांबून, "वरून मात्र... काही सुचत नाही. पुढच्या चौकात स्टिकर करून घेणार होतो."

"स्टिकर? पायाखाली? महिन्याभरात सोलून निघेल."

तेवढ्यात मागे आमचं यूव्ही मशीन एका मुख्याध्यापकांची नावपट्टी छापू लागलं. हेड सरकतं तसा त्याच्याखालून जांभळट उजेड झिरपतो आणि शाई जागच्या जागी सुकते. तो उजेड मी सहा वर्षं रोज बघतेय. पण त्याच्या भिजलेल्या पापण्यांवर पडलेला तो उजेड... असो.

"धातूवर छापतं हे?"

"धातू, काच, लाकूड. जे हलत नाही त्यावर. तुम्ही नीट उभे राहिलात तर तुमच्यावरही."

"काय छापाल, मॅडम?"

"आधी नाव सांगा."

"भिकन." आणि मी हसते का, ते बघत राहिला. मी हसले नाही. "माझ्याआधीची दोन भावंडं गेली. म्हणून आजीनं असं नाव ठेवलं... कुणाची नजर लागू नये म्हणून."

"मग? नाही लागली कधी?"

"आजपर्यंत नाही," तो म्हणाला, आणि एकदम पावसाकडे बघू लागला.

धुळ्यातलं प्रत्येक गिऱ्हाईक मला 'ताई' म्हणतं. हा 'मॅडम' म्हणाला. मी नोंद घेतली.

*

भिकन मूळ रावेरचा. नरडाण्याच्या एका कारखान्यात वीज-दुरुस्ती बघायचा आणि भाड्याच्या खोलीत पेडल बनवायचा. सुट्टी सोमवारी. त्यामुळे दर सोमवारी एसटीनं धुळ्याला, आणि धुळ्यात म्हणजे आमच्या दुकानात.

दुसऱ्या सोमवारी त्यानं गिटार आणि छोटा स्पीकर आणला. एकच तार छेडली. सूर आला, गेला, परत आला, जरा मऊ होऊन... पुन्हा आला, आणखी लांबून. दुकानात कुणीतरी झोपेत बोलल्यासारखं वाटलं.

आमचे मालक भाईदास नाना पेपर खाली ठेवून म्हणाले, "हाई ते विहिरमा हाक मारी का अशीच परत येस!"

भिकननं माझ्याकडे बघितलं, मी भिकनकडे. पेडलचं नाव ठरलं: विहीर.

त्यानं चित्र काढून आणलं ते रावेरच्या त्यांच्या केळीच्या बागेतल्या विहिरीचं. वरून वाकून बघितल्यावर दिसते तशी: दगडांची एकात एक कडी, आणि तळाशी पाणी. चित्र सुंदर होतं. फाइल मात्र... मोबाईलवर काढलेला फोटो, तोही तिरपा. भोकांचा पत्ता नाही. अक्षरं मुंगीच्या पायांएवढी.

"ही तुमची फाइल आहे की माझी परीक्षा?"

"शिकवा ना, मॅडम."

शिकवलं. शेजारी स्टूल ओढून बसला. मी कॉम्प्युटरवर कोरलमध्ये डब्याचं माप मिलिमीटरमध्ये टाकलं, प्रत्येक भोकाभोवती मोकळी जागा सोडली, मधलं मोठं बटण बरोबर विहिरीच्या मध्यावर आणलं. मग म्हटलं, "आता खरी गंमत. रंग नुसता धातूवर टाकला की धातू त्यातून चमकतो. रंग रंगासारखा दिसायला हवा असेल तर त्याच्याखाली आधी पांढरा थर द्यावा लागतो. तो कुणाला दिसत नाही. पण तो नसेल तर सगळं फिकं."

"म्हणजे दगडांखाली पांढरा द्यायचा... आणि पाण्याखाली?"

"पाण्याखाली नाही द्यायचा. नुसता निळा. म्हणजे धातूच पाणी होईल."

त्यानं पडद्यावरच्या पाण्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "तुम्ही असंच सगळ्यांच्या मागे पांढरा थर देऊन उभ्या असता का?"

माझा माऊसवरचा हात थांबला. नाना लांबून ओरडले, "काय व पोरी, मशीन बंद पडनं का?"

मशीन चालूच होतं. बंद भलतंच काही पडलं होतं.

*

चौथ्या सोमवारी त्यानं ते सांगितलं. पुण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानानं बारा पेडल मागितली होती, पहिल्यांदाच. येत्या गुरुवारच्या गाडीनं पाठवायची. दुकानाला पसंत पडली तर पुढे काम मिळेल.

"आणि नाही पडली तर?"

"आबांनी, म्हणजे वडिलांनी, दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय. मग रावेरला परत. केळीच्या पॅकिंगचं काम घरचंच आहे, माणूस कमी पडतो म्हणतात." तो डब्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "वाईट काही नाही त्यात. फक्त... सोमवार राहणार नाहीत."

मी मान खाली घालून फाइल बघत राहिले. सोमवार राहणार नाहीत. आठवड्यात सात दिवस असतात, एक गेला तर काय बिघडतं? मी हे स्वतःला दोनतीनदा विचारलं. उत्तर दर वेळी एकच आलं, म्हणून विचारणं सोडलं.

मंगळवारी सकाळी त्यानं शेवटची फाइल पाठवली. या वेळी सगळं जागेवर. मापं बरोबर, अक्षरं जाड. पोरगा शिकला होता. फक्त एक... कडेला, जिथे वायर लावायची त्या भोकांशेजारी, त्यानं दोन शब्द लिहिले होते. 'आत' आणि 'बाहेर'. आणि 'आत' लिहिलं होतं उजवीकडे.

मला हसू आलं. जग डावीकडून उजवीकडे वाचतं. आधी आत, मग बाहेर. झोपेत केलं असणार. माझा नियम असा की गिऱ्हाईकानं नमुन्यावर सही केल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. सहा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी मी फोन केला नाही. मला वाटलं, तो येईल, बघेल, आणि न बोलता सुधारलेली चूक त्याला सापडेल. त्या वेळचा त्याचा चेहरा मी मनात आधीच बघून घेतला होता. हावरट असते बाई कधी कधी.

शब्दांची अदलाबदल केली. सोमवारी तो ठेवून गेलेले बारा डबे साच्यात बसवले. जांभळा उजेड विहिरीविहिरीवरून सरकत गेला, आणि धातूचं खरोखर पाणी झालं.

*

बुधवारी तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. बाराही डबे काउंटरवर ओळीनं मांडले होते. तो वाकला, आणि त्याच्या चेहऱ्यावर निळा उजेड पडल्यासारखा वाटला.

"रत्ना..." तो म्हणाला. पहिल्यांदाच. मॅडम नाही, काही नाही.

आणि मग त्याची नजर कडेला गेली. थांबली. अंगठा हळूच त्या शब्दावर आला.

"छान झालंय," तो म्हणाला. "फारच छान." आणि भराभर डबे पिशवीत भरू लागला.

मी गिऱ्हाइकांचे चेहरे वाचण्यात आयुष्य घालवलंय. आवडलेला माल कुणी इतक्या घाईनं भरत नाही.

"काय झालं?"

"काही नाही."

"भिकन, लपवतोस काय? अंगठा काढ तिथून."

त्यानं अंगठा काढला. मग अगदी हळू, मलाच लागू नये अशा बेतानं सांगितलं. गिटारची वायर पेडलमध्ये उजवीकडून शिरते. जगभर. अशी बरीच पेडल ओळीनं ठेवून एकमेकांना जोडतात, सगळी उजवीकडून डावीकडे. "आपलं एकच उलटं बोललं तर... वाजवणाऱ्याचा गोंधळ होणार. पण मी आतल्या तारा बदलतो ना. रातोरात होईल."

"म्हणजे तुझं पेडल जगापेक्षा उलटं होणार. माझ्यामुळे. पुणेवाला घेईल?"

तो पिशवीचे बंद सोडत-बांधत राहिला. तेच उत्तर.

"मला बोलला का नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस..."

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. स्वतःचाच. लोकांच्या नावपट्ट्यांवरच्या चुका काढून मी सहा वर्षं मिरवले, आणि ज्याच्या कामात चूक नव्हती तिथे जाऊन मी ती घातली. दिवाळीनंतरचे सगळे सोमवार मला रिकाम्या स्टुलासारखे दिसू लागले.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. हे वाक्य त्या दुकानात माझ्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. नानांनी पेपर खाली केला. "पुसता येणार नाही, धातूची चमक जाईल. पण... झाकता येईल."

"कसं?"

"पांढऱ्यानं. त्या शब्दांवर घट्ट पांढरा थर, दोनदा. त्यावर विहिरीचाच एक दगड. दगडावर नवा शब्द. केसाएवढाही सरकता कामा नये."

नाना उठले. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून म्हणाले, "आते बाकीनी बठ्ठी कामं नंतर. पोरी, तुम्ही दोन्ही हाईच करा."

मी साचा परत लावला. तो डबे बसवायचा, मी कडा तपासायची. एकाच डब्यावर चार हात. त्याच्या बोटांना सोल्डरच्या धुराचा वास होता, माझ्या बोटांना शाईचा. हेड सरकायचं तेव्हा आम्ही दोघंही श्वास रोखून धरायचो, आणि ते पुढे गेलं की एकदम सोडायचो. तिसऱ्या डब्याच्या वेळी आम्हाला त्याचंच हसू यायला लागलं.

अकरा झाले. मी बारावा मागितला.

"हा राहू दे," तो म्हणाला.

"का? बारा पाठवायचेत ना?"

"राहू दे म्हटलं ना." आणि तो खिशात टाकला. खिसा फुगला, शर्ट एका बाजूला ओढला गेला. तसाच, वाकडा होऊन गेला नरडाण्याची एसटी गाठायला; रातोरात आतलं जोडून सकाळी डबे पुण्याच्या गाडीत टाकायचे होते.

*

पुढच्या सोमवारी पाऊस नव्हता. ऊन स्वच्छ होतं, आणि मी सकाळपासून तीन नावपट्ट्या चुकवल्या होत्या.

तो आला. चेहऱ्यावर काहीच नाही. मी वाचायचा प्रयत्न केला. एक अक्षर लागेना.

"पुणेवाल्याचा फोन आला," तो म्हणाला. "म्हणाला, अकराच का?"

"मग?"

"आणि म्हणाला, ते कडेचे दगड वर उठून आल्यासारखे लागतात बोटाला. स्टेजवर अंधारात वायर लावायला बरं पडतं. ही युक्ती कुणाची? तशीच चाळीस हवीत, म्हणे."

मी स्टुलावर बसले.

त्यानं खिशातून बारावा डबा काढला. काउंटरवर ठेवला. त्यावर दगड नव्हता. माझी चूक जशीच्या तशी होती: डावीकडे 'आत'.

"याच्या तारा मी बदलल्या," तो म्हणाला. "जगात एकच पेडल आहे जे तुझ्या बाजूनं चालतं. हे विकायचं नाही."

"मला गिटार येत नाही."

"शिकवीन ना. मला तू शिकवलंस तसं, शिव्या देत."

मशीन माझ्या मागे कुणाच्या तरी घराचं नाव छापत होतं. जांभळा उजेड भिंतीवर डुलत होता. नाना पेपरामागे इतके गप्प होते की एकही ओळ वाचत नसणार.

"आबांना सांगितलंस? दिवाळीचं?"

"काल फोन केला. म्हटलं, परत येणार नाही. ते म्हणाले, धुळ्या-नरडाण्यात आहे काय तुझं? मी म्हटलं, काम आहे." तो थांबला. तुटका दात ओठाखाली दडला. "मग म्हटलं... आणि रत्ना आहे."

मला माझे स्वतःचे कान तापलेले कळत होते.

"आबा काय म्हणाले?"

"आधी नुसते खोकले. मग म्हणाले, केळी खाते का ती?"

पेपरामागून नानांचं हसू फुटलं. मी त्या डब्यावर हात ठेवला. ऊन लागून तो कोमट झाला होता. भिकन उभा होता, जराही न हलता, छापून घ्यायला उभं राहावं तसा.

"खाते," मी म्हटलं. "सांग त्यांना. रोज खाते."